मशीन थांबायचं तेव्हा

ताईच्या एका पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. एरवी तिच्या साध्या चार ओळींनाही मी वेळेवर आणि गरजेपेक्षा लांब उत्तरं लिहीत असे. हे एकच राहिलं. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गेले त्याच्या पुढच्या वर्षी ते आलं होतं. रेघांचा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, आणि जागा संपली म्हणून शेवटची ओळ समासात उभी चढवलेली.

उत्तर लिहिलं नाही असं मात्र नाही. पुष्कळदा लिहिलं. पाठवण्याजोगं झालं नाही, किंवा मला तसं वाटलं. मला बहुतेक गोष्टींबद्दल तसंच वाटतं.

ताईने लिहिलं होतं :

‘छोट्या, शेजारणीच्या नादाने मी इंग्रजीच्या वर्गाला जाते. सगळ्या माझ्यासारख्याच, चष्मेवाल्या. परवा बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, कंटिन्युअस आणि कंटिन्युअल. दिसायला सख्ख्या बहिणी. म्हणाल्या, वाक्यं करा. कुणी नळावर केलं, कुणी कुत्र्याच्या भुंकण्यावर. मी लिहिलं, माझ्या नवऱ्याची आठवण कंटिन्युअस आहे. बाईंनी लाल पेनाने तो शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. म्हणाल्या, कंटिन्युअस म्हणजे मध्ये खंड नाही. असं माणसाला जमत नाही हो, तुमचं ते कंटिन्युअल. घरी येऊन तुझा तो इंग्रजी-मराठी कोश उघडला. तिथे दोन्हींपुढे ‘सतत’ एवढंच. मग चूक बाईंची की तुझी?’

इथपर्यंत हसण्यासारखं होतं, आणि मी हसलोही होतो. पुढचं असं होतं :

‘बाईंचंच खरं असेल असं मला वाटायला लागलंय. मी स्वतःवर लक्ष ठेवून बघितलं. खंड पडतो रे. कधी पडतो तेही कळलं. मशीनवर बसले की पडतो. टीप सुरू झाली की हे माझ्या डोक्यात नसतात. परवा एका पोरीचा फ्रॉक शिवताना मी चक्क गाणं म्हणत होते. यांच्याच मशीनवर बसून, यांच्याच कात्रीने कापून. माझी मलाच लाज वाटली. मशीन झाकून ठेवलंय. तू शब्दांत जन्म घातलास. दोन्ही शब्द खरोखर एकच असतील तर तसं कळव, म्हणजे मी झाकण काढीन.’

आणि समासात उभं : ‘उगाच माझ्या समाधानासाठी लिहू नकोस.’

आता यावर काय लिहायचं? दोन्ही शब्द एकच नाहीत. बाईंचं बरोबर होतं. एकात खंड नाही. दुसरं थांबतं, पुन्हा येतं, पुन्हा थांबतं. हे मला माहीत होतं, तरी माझ्याच कोशात दोन्हींपुढे एकच शब्द पडला होता. तो कसा पडला हे सांगितलं पाहिजे.

आमच्या कोशाची कचेरी म्हणजे छापखान्याच्या वरच्या तीन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की आमच्या टेबलांवरचे चहाचे कप आपोआप सरकायचे. संपादकांचा एक नियम होता. कुठलाही अर्थ पक्का करायचा तर त्यासोबत एक वाक्य आणायचं, आणि ते रचलेलं चालायचं नाही. आपल्या घरात, आपल्या कानांनी ऐकलेलं पाहिजे. “पुस्तकातली वाक्यं पुस्तकात आहेतच,” ते म्हणायचे, “मला स्वयंपाकघरातलं आणा.” दुपारच्या चहाला आम्ही सगळे गोल बसायचो आणि एकेकाने आपापल्या शब्दाचं वाक्य वाचायचं. कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्या कचेरीला त्यामुळे ठाऊक असे. टंकलेखकाची सासू त्याला काय म्हणते हे तर आम्हाला अकारविल्हे पाठ होतं.

मी बोलायला घाबरायचो. सुरुवात केली तरी मध्येच थांबायचो, म्हणून माझं नाव पडलं होतं अल्पविराम. पण माझी वाक्यं गाजायची, कारण ती सगळी हिची असायची, माझ्या बायकोची. घरी मी बोलायचो नाही, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ असे. ‘केअरलेस’पुढे कोशात आजही वाक्य आहे : दूध उतू गेलं आणि हे आपले पान उलटतायत. ‘कम्प्लीट’पुढे : एक काम पुरं करून उठले असतील तर शपथ. संपादकांनी एकदा विचारलं, “अहो अल्पविराम, तुमच्या मंडळींना पगारावर ठेवू का?”

हे दोन शब्द माझ्याकडे आले त्या आठवड्यात ही माहेरी गेली होती. घरात कुणी बोलणारंच नव्हतं.

“अल्पविराम, कंटिन्युअस, कंटिन्युअल?” संपादकांनी चहाला विचारलं.

“उद्या देतो,” मी म्हटलं.

“परवाही उद्याच म्हणालात,” टंकलेखक म्हणाला. “हा तुमचा उद्या कुठल्या आवृत्तीत येणार?”

सगळे हसले. माझे कान तापले आणि मी दोन्ही शब्दांपुढे ‘सतत’ लिहून मोकळा झालो. पुढच्या आवृत्तीत वेगळे करू, असं संपादकही म्हणाले. पुढची आवृत्ती निघालीच नाही. खालचा छापखाना हलला, वरच्या खोल्यांत विम्याची कचेरी आली.

तर ताईच्या पत्राला उत्तर देताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं. दोन्ही एकच आहेत असं लिहिलं तर खोटं. वेगळे आहेत असं लिहिलं तर मशीनवर झाकण कायमचं. मी कच्चे कागद करत राहिलो. ही मागून यायची, डोकावायची.

“पत्र लिहिताय की दुसरा खंड काढताय?”

“ती शब्दाचा अर्थ विचारतेय.”

“अर्थ नाही विचारत हो ती,” ही म्हणाली. “दोन ओळी लिहा. झाकण काढ म्हणावं.”

“पण कारण द्यायला हवं ना. ताई अशी ऐकायची नाही.”

“मग द्या कारण.”

कारण नव्हतं. माझी बायको माझ्या मागे उभी, हातात ओला चमचा, आणि मी ताईला सांगणार की गेलेल्या माणसाची आठवण कशी यावी. मला काय अधिकार? आणि आमचा तो नियमही मनात होताच. ऐकलेलं, पाहिलेलं असेल तर लिहा, नाहीतर राहू द्या. मी राहू दिलं.

मग आम्ही कितीदा भेटलो. ताईने विषय काढला नाही, मीही काढला नाही. पुढच्या खोलीत, जिथे पूर्वी दाजींचं शिवणाचं दुकान होतं, मशीन एका जुन्या चादरीखाली असायचं. पुढे त्यावर एक कुंडी आली. ताई शिवत का नाही म्हणून कुणी विचारलं तर भाची सांगायची, आईचे गुडघे दुखतात. ताई माझ्याकडे बघून म्हणायची, “छोट्या, चहा गार होतोय.”

ही गेली त्याला आता दोन वर्षं होत आली.

गेल्या आठवड्यात मी पुस्तकांचं कपाट लावायला काढलं. सगळी पुस्तकं जमिनीवर, मी मध्ये बसलेलो. लेखकांप्रमाणे लावावीत की विषयांप्रमाणे, या घोळात दुपार झाली. मी बहुधा शीळही घालत होतो. ही असती तर म्हणाली असती, शीळ घाला पण वाट तरी ठेवा चालायला. तेवढ्यात कोशाची प्रत हाताला लागली. सहज उघडली तर ‘केअरलेस’चं पान. दूध उतू गेलं आणि हे आपले पान उलटतायत.

तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून ही माझ्या मनात आली नव्हती. एकदाही नाही. मला वाटलं आता लाज वाटेल. ताईला वाटली होती, मलाही वाटायला हवी. मी पुस्तकांमध्ये बसून वाट बघितली. लाज वाटली नाही. हीच जवळ येऊन बसल्यासारखं वाटलं. मग मी गॅस बघून आलो. दूध ठेवलेलंच नव्हतं.

आणि काल भाचीचा फोन आला.

“मामा, ऐक. पुढची खोली आम्ही मोकळी करतोय. अभ्यासाची खोली करायची आहे. मशीन न्यायला रविवारी माणूस येतोय.”

“ताई काय म्हणते?”

“तेच तर. आईला विचारलं, देऊ का? तर म्हणते, मामाला विचार. तुझा काय रे संबंध शिवणाच्या मशीनशी? तुला तर बटण लावता येत नाही.”

“तिला फोन दे.”

“तिला ऐकू कुठे येतं फोनवर? तू एक बोलशील, ती भलतंच उत्तर देईल. थांब.” आणि ती फोनपासून तोंड लांब नेऊन ओरडली, “आई, मामा आहे!”

मागून ताईचा आवाज आला. ऐंशीच्या पुढे गेली तरी आवाज तसाच, दुकानातल्या गिऱ्हाइकाला रस्त्यावरून परत बोलावणारा. “छोट्या? त्याला विचार जेवला का. आणि म्हणावं चष्मा लावून फिर, मागल्या वेळी काचेच्या दाराला सलाम ठोकलास.”

“ऐकलंस?” भाची म्हणाली. “अजून काहीतरी म्हणतेय. काय गं? … मामा, म्हणतेय तुझ्याकडे तिचं काहीतरी राहिलंय. पुस्तक आहे का?”

“तसंच काहीतरी,” मी म्हटलं.

“मग पाठवून दे बाबा. आणि मशीनचं काय ते रविवारच्या आत सांग. माणूस येऊन परत गेला तर मलाच बोलतील.”

मी म्हटलं, कळवतो. फोन ठेवला आणि टेबलाशी बसलो.

पहिलं उत्तर मला फार छान जमलं, आणि तिथेच शंका यायला हवी होती. मी लिहिलं, ताई, आठवण ही धावदोऱ्यासारखी असते. दोरा वर दिसतो, कापडाखाली जातो, पुन्हा वर येतो. वरून बघणाऱ्याला तुटक वाटतो, पण दोरा एकच असतो. वाचून मला माझंच कौतुक वाटलं. शाईही वाळू दिली. मग आठवलं की धावदोरा कच्चा असतो. पक्की टीप मारून झाली की दाजी त्याचं टोक नखात धरायचे आणि एका ओढीत काढून टाकायचे. जमिनीवर त्या दोऱ्यांचा गुंता साठायचा आणि तो झाडायचं काम माझ्याकडे होतं. ताईने ते पत्र वाचलं असतं तर म्हणाली असती, इतकी वर्षं दुकानात राहून हेच शिकलास?

मी कागद फाडला. पण दोरे झाडायचा तो कोपरा डोळ्यांपुढून जाईना.

आई गेल्यावर ताईने मला तिच्या घरी आणलं. तिचं नवीन लग्न, एक खोली मागे, एक पुढे. पुढच्या खोलीत दाजींचं दुकान. खिडकीपाशी मशीन, मध्ये कापायचं टेबल, आणि आतल्या भिंतीशी इस्त्रीचं टेबल. त्या इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला माझी अभ्यासाची जागा. मला तिथली ऊब आवडायची, आणि ओल्या कापडावरून इस्त्री फिरल्याचा वासही. ताई दाराजवळ बुटक्या स्टुलावर बसून काजं करायची. काजं करणाऱ्याला मान वर काढता येत नाही. एक टाका इकडे तिकडे झाला तर सगळं काज उसवावं लागतं.

मशीनच्या आवाजात मी वाचायला शिकलो. सलग आवाज चालायचा तेव्हा मी पुस्तकात असायचो. शिवण कोपऱ्यापर्यंत आली की मशीन थांबायचं. दाजी कापड वळवायचे, पुन्हा सुरू करायचे. थांबलं की माझीही मान वर व्हायची. म्हणून मला दिसायचं.

एकदा एक बाई झंपर न्यायला आल्या होत्या. तोंडाने फटकळ. म्हणाल्या, “काय हो मास्तर, दिवसभर नवरा-बायको एका खोलीत. तुम्हाला बायकोची आठवण यायची सोयच नाही!”

दाजी म्हणाले, “मशीन चालू असताना कुणाची आठवण काढायची, बाई? बोट शिवलं जाईल.”

बाई हसत गेल्या. ताई हसली नाही. संध्याकाळी मला वाढताना म्हणाली, “बघितलंस ना छोट्या, तोंडावर सांगितलं. बायकोपेक्षा बोट मोठं.” दाजी गालात हसत जेवत राहिले. पुढे कितीतरी दिवस ताई त्यांना ऐकवत होती, “बोट सांभाळा हं.” ती त्यांच्या घरातली एक गंमतच होऊन गेली. पण मला वाटतं, तिच्या मनात ते थोडंसं खरं राहिलं असावं.

आणि मी तर रोज बघत होतो. मशीन चालू असताना दाजी सुईखेरीज कुठेही बघत नसत. ताई समोर असून नसल्यासारखी. पण मशीन थांबलं की कापड वळवण्याच्या आधी ते मान वर करायचे आणि टेबलावरून पलीकडे, दाराजवळच्या स्टुलाकडे बघायचे. क्षणभरच. मग कापड वळवायचे, पाय पुन्हा चालू. पुढच्या कोपऱ्याला पुन्हा तेच. प्रत्येक शिवणीला, प्रत्येक बाहीला. ताईची मान खाली, काजात. तिने मान वर काढेपर्यंत आवाज पुन्हा सुरू झालेला असायचा आणि दाजी सुईकडे बघत असायचे.

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंच मला वाटलं नव्हतं. नवरे असेच बघत असतील, असं मी समजून चाललो होतो. पुढे मीही कचेरीतून घरी आलो की चपला काढायच्या आधी स्वयंपाकघराकडे बघायचो, ही आहे ना म्हणून. दिवसभर कचेरीत ती माझ्या मनात असायची असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. तिची वाक्यं असायची, पण ती कामाची म्हणून.

संपादक असते तर म्हणाले असते, अल्पविराम, हे इतकी वर्षं खिशात घेऊन फिरत होतात?

मग मी लिहिलं. फार खाडाखोड न करता, म्हणजे माझ्या मानाने.

‘ताई, तुझ्या बाईंचं बरोबर होतं आणि कोशात चूक माझी होती. दोन शब्द एक नाहीत. कंटिन्युअस म्हणजे अखंड. कंटिन्युअलपुढे मी ‘राहून राहून’ असं लिहायला हवं होतं. आपण म्हणतोच की, राहून राहून आठवण येते.

पण तू लावलेला अर्थही चुकला. खंड पडतो म्हणजे माणसाला विसरलो, असं नाही. इस्त्रीच्या टेबलापाशी मी बसायचो तिथून मला जे दिसायचं ते तुला दिसत नव्हतं, कारण तुझी मान काजात असायची. मशीन चालू असताना दाजी तुझ्याकडे बघत नसत. थांबलं की दर वेळी बघायचे. मी कितीदा पाहिलं याला मोजदाद नाही. तू मान वर काढेपर्यंत ते पुन्हा सुईकडे वळलेले असायचे. हे तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. मला एवढं चांगलं रचता येत नाही, हे तुला माहीत आहे.

आमच्याकडेही तसंच आहे. गेल्या आठवड्यात पुस्तकं लावताना अर्धा दिवस ही मनात नव्हती. मग आली, आणि नेहमीसारखी रागावूनच आली.

रविवारी येणाऱ्या माणसाला मशीन देऊ नकोस. कुंडी खिडकीत ठेव, चादर काढ, तेल घाल. दोरा ओवायला लेकीला हाक मार. आणि गाणं म्हण. दाजी मशीनवर म्हणत नसत, कारण त्यांचा आवाज वाईट होता, दुसरं काही कारण नव्हतं.

उशीर झाला. तुझा, छोट्या.’

पाकीट बंद केलं आणि पुन्हा उघडलं. ‘वाईट’च्या जागी ‘बेसूर’ करावं का? दाजींबद्दल वाईट कसं लिहायचं? मग हिचं बोलणं आठवलं, एक काम पुरं करून उठले असतील तर शपथ, आणि ‘वाईट’ तसंच ठेवून मी पाकीट पुन्हा चिकटवलं. चिकटेना, म्हणून वरून कागदाची पट्टी लावली. चष्मा लावून खाली उतरलो.

पोस्टाची पेटी बेकरीच्या शेजारी आहे. मी पाकीट तिच्या फटीत धरून थोडा वेळ उभा राहिलो, अर्धं आत, अर्धं बाहेर. बेकरीवाल्याने विचारलं, “काय काका, अडकलं का?”

“नाही,” मी म्हटलं, आणि सोडलं.

आत ते इतर पत्रांवर पडल्याचा आवाज आला. आज बुधवार आहे. रविवारच्या आत पोचेल, असं बेकरीवाला म्हणाला.